दौलतकाकांची सोमवारची घारापुरी

आमच्या वाडीत मुंबई दोन प्रकारची आहे. एक टीव्हीवर दिसते ती आणि दुसरी दौलत घाडीगांवकर दाखवतात ती. पहिलीवर कोणाचा फारसा विश्वास नाही.

वाडी आमची कणकवलीच्या वर, घाटाच्या पायथ्याशी. मुंबईत कोणाला सांगितलं की मी कोकणातला, तर समोरचा लगेच विचारतो, म्हणजे घर अगदी बीचवर का. आमच्याकडे बीच नाही. मासे टेम्पोतून येतात आणि टेम्पो पंक्चर झाला तर त्या दिवशी कुळथाची पिठी असते. आमच्यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तो गिरगाव चौपाटीवर, दौलतकाकांच्या देखरेखीखाली.

लालबागला एका चाळीत आमच्या गावकरी मंडळाची खोली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिथे पाळीपाळीने तीसेक माणसं झोपायची. आता आम्ही सहाजण असतो, सगळे ऑफिसवाले, आणि भांडणं होतात ती चार्जिंगच्या एका पॉइंटवरून. गावाहून कोणीही मुंबईला आलं, मग ते डोळ्याच्या ऑपरेशनला असो की पोराच्या अ‍ॅडमिशनला, की पुरुषांनी या खोलीत पथारी टाकायची, बायकांनी वरच्या मजल्यावर दौलतकाकांकडे राहायचं, जेवायचं सगळ्यांनीच कौसल्याकाकींच्या हातचं, आणि काम आटोपलं की काकांबरोबर मुंबई बघायची, असा शिरस्ता आहे. मंडळाच्या घटनेत तो कुठे लिहिलेला नाही. पण घटनेत जे लिहिलंय त्यातलंही काही पाळलेलं मी बघितलेलं नाही, त्यामुळे हा तेवढा पाळला जातो.

काका आता एकोणसत्तरचे. आधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार, मग संपानंतर बॅलार्ड इस्टेटला एका शिपिंग कंपनीत शिपाई. तीस वर्षं त्यांनी जहाजांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले. पाहुण्यांना मुंबई दाखवायला निघाले की इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, पायांत पॉलिश केलेले बूट. माणूस सरकारी दौऱ्यावर निघाल्यासारखा दिसायचा आणि मागून आम्ही पिशव्या घेऊन निघायचो.

दाखवण्याची त्यांची एक पद्धत होती. राणीच्या बागेत पेंग्विन आले तेव्हा सगळी मुंबई काचेला नाक लावून उभी होती. काका मात्र पाहुण्यांना घाईघाईत पेंग्विन दाखवून पुढे न्यायचे आणि एका झाडाखाली उभं करून सांगायचे, इथे हत्ती असायचा. त्या हत्तीचं वर्णन इतकं भरगच्च असायचं, की पाहुणे गावी जाऊन हत्तीबद्दलच बोलायचे. चर्नी रोडचं मत्स्यालय बंद झालं तरी त्यांच्या यादीतून गेलं नाही. पत्र्यासमोर उभं करून आतला एकेक मासा ते नावानिशी सांगायचे. मलबार हिलवर प्रत्येक बंगल्याचा मालक त्यांना माहीत असायचा, दर फेरीला निराळा. एकदा मी म्हटलं, काका, गेल्या वेळी हा बंगला साखरवाल्यांचा होता. ते म्हणाले, विकला. चालू असलेली गोष्ट कोणीही दाखवेल, बंद गोष्ट दाखवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा मुंबईत नसावा.

आणि या कलेचा कळस होता घारापुरी.

दौरा ठरलेला असायचा. शनिवारी राणीची बाग आणि थंडी असेल तर शिवडीचे फ्लेमिंगो. रविवारी हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, चौपाटी. सोमवारी सकाळी गेटवे, आणि सोमवारी संध्याकाळी परळहून गावची गाडी. गेटवेला कठड्याशी सगळ्यांना ओळीत उभं करून काका धुरकटातल्या एका हिरवट उंचवट्याकडे बोट करायचे. ती घारापुरी. मग कपाळावर हात मारायचे. आज सोमवार, सोमवारी लेणी बंद. हे खरंच आहे, सोमवारी ती बंदच असतात. पाहुणे हळहळायचे. मग काका म्हणायचे, काळजी करू नका, मी सांगतो. आणि पंधरा मिनिटं असं सांगायचे, की भेळवालासुद्धा हात थांबवून ऐकायचा. छोटी आगगाडी, एकशे आठ पायऱ्या, हातातली काकडी पळवणारी माकडं, आतला काळोख, आणि काळोखात चाळीच्या दोन मजल्यांएवढी त्रिमूर्ती. डावीकडे ब्रह्मा, मध्ये महेश, उजवीकडे विष्णू. मधल्याचे डोळे मिटलेले. काका हे सांगताना स्वतःचेही मिटायचे.

संध्याकाळी पाहुणे गाडीत बसायचे आणि खारेपाटण येईपर्यंत त्यांनी घारापुरी पाहिलेली असायची. आमच्या हायस्कुलात ‘मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ’ या निबंधात दरवर्षी चार-पाच घारापुऱ्या निघत आणि सगळ्यांत पायऱ्या एकशे आठ असत. गुरुजींना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तेही काकांबरोबर जाऊन आले होते.

मला यातलं खरं कळलं ते मुंबईत राहायला आल्यावर. ऑफिसातल्या एका मित्राला घारापुरीला जायचं होतं म्हणून मी काकांना विचारलं, की लाँचचं तिकीट नेमकं कुठे मिळतं. काकांनी मला हत्तीची गोष्ट सांगायला घेतली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा मला जिन्यात नेऊन ते हळूच म्हणाले, की ते कधी गेलेच नाहीत.

झालं असं होतं, की अठराव्या वर्षी दौलतकाका विजयदुर्गाहून बोटीने मुंबईला आले. तेव्हा कोकणबोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि लोकांना होडीतून तिच्यापर्यंत नेऊन वर ओढून घ्यायचे. काकांचा एक पाय होडीत, एक बोटीच्या शिडीवर, आणि त्याच क्षणी लाट आली. किती वेळ ते मध्ये लोंबकळले कोण जाणे, त्यांच्या हिशोबाने अर्धा तास. पुढची सगळी वाट त्यांनी ओकत काढली. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर जमिनीवर बसून त्यांनी ठरवलं, आता पाण्यावर पाऊल ठेवायचं नाही. आणि मग पोटासाठी नोकरी केली ती शिपिंग कंपनीत.

मी त्यांना म्हटलं, यात लपवण्यासारखं काय आहे. ते म्हणाले, मंडळाचा माणूस, चाळीस वर्षं सगळ्यांना मुंबई दाखवतो आणि बोटीला घाबरतो, हे वाडीत कळलं तर काय राहिलं. सोमवार बरा होता. सोमवारात खोटं काही नव्हतं. मला शपथ घालून ते वर गेले आणि त्यानंतर वर्षभर, मी समोर आलो की त्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं.

हे असंच चाललं असतं, पण यंदा चाळ पाडायचं ठरलं. बिल्डरने तीन वर्षांत नवीन घर देतो म्हणून लिहून दिलंय. तीन वर्षांचा अर्थ लालबागला सगळ्यांना कळतो, त्यामुळे काका-काकींनी शिमग्याला गावी जायचं आणि तिथेच राहायचं, असं ठरवलं. मुलगी मेघना बदलापूरला दिलेली, तिचं येणंजाणं तिथून होईल.

सामान बांधायला घेतलं त्या आठवड्यात कौसल्याकाकी एका दुपारी ट्रंकेवर बसल्या आणि म्हणाल्या, “माका घारापुरी बघूची आसा.”

काकींबद्दल थोडं सांगायला हवं. लग्न होऊन त्या या खोलीत आल्या त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यांनी किती पाहुणे जेवू घातले याचा अंदाज नाही. पाहुणे मुंबई बघायला बाहेर पडले की काकी संध्याकाळच्या भाकऱ्यांचं पीठ मळायला बसत. ते परत आले की पाय चेपत काय काय पाहिलं ते सांगत आणि काकी तव्यावरून मान न उचलता ऐकत. त्यामुळे त्यांना सगळी मुंबई पाठ होती, पण परळ, लालबाग, दादरचं मार्केट आणि गिरगावात फणसवाडीला राहणारी मावसबहीण सोडली तर त्यांनी तिच्यातलं काही पाहिलेलं नव्हतं. राणीच्या बागेत एकदा गेल्या होत्या, मेघना लहान असताना. त्यातही अर्धा वेळ तिची चप्पल शोधण्यात गेला.

त्या दिवशी त्यांनी काकांना जे सांगितलं ते सरळ होतं. गावी गेल्यावर जावा विचारणार, तू एक्केचाळीस वर्षं मुंबईत, काय पाहिलंस. मोठ्या वहिनी, म्हणजे काकांची थोरली भावजय रखमा, मोतीबिंदूसाठी चार दिवस आल्या होत्या आणि एका डोळ्यावर पट्टी असताना घारापुरी करून गेल्या. आजही शेजारणींना गोळा करून पायऱ्या मोजून दाखवतात. त्यांच्यासमोर काकींनी काय सांगायचं? बाकी काही नको, बूट नको, बाग नको. जे सगळ्यांनी पाहिलं ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं, म्हणजे गावात मान वर करून बसता येईल.

काका बराच वेळ सुतळीला गाठी मारत राहिले. मग म्हणाले, जाऊ, सोमवारी जाऊ.

मी तिथेच एका खोक्यावर चिकटपट्टी लावत होतो. मी आणखी एक पट्टी लावली. शपथ होती.

सोमवारी काकी नवीन इरकली नेसून, घावणे आणि चटणीचा डबा घेऊन निघाल्या. मला काम नव्हतं अशातला भाग नाही, पण हा प्रयोग चुकवणं शक्य नव्हतं. गेटवेला काकांनी काकींना नेहमीच्या कठड्याशी उभं केलं, बोट केलं, कपाळावर हात मारला आणि लेणी बंद असल्याचं दुःख व्यक्त केलं. मग वर्णनाला सुरुवात केली. मी आजवर ऐकलेल्यातलं ते सर्वांत चांगलं होतं. आगगाडीला शिट्टी मिळाली होती, माकडांना पिल्लं झाली होती.

काकींनी सगळं शांतपणे ऐकलं. डबा उघडला, आम्हाला दोघांना घावणे दिले, स्वतः खाल्ले, डबा पुसून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, बंद तर बंद, उद्या येऊया.

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं, कारण प्रत्येकाच्या खिशात संध्याकाळच्या गाडीचं तिकीट असायचं. सगळा डोलारा त्या तिकिटावर उभा होता. काकी ही पहिलीच पाहुणी, जी रात्री काकांच्याच घरी परतणार होती.

मंगळवारी सकाळी काकांना कणकण आली. ती उतरली तेव्हा वारा सुटला होता. वारा पडला तेव्हा मंडळाच्या कपाटाची किल्ली कोणालातरी द्यायची आठवण झाली. काकींनी त्यांना आराम करायला सांगितलं आणि मला विचारलं, झिला, तुका सुट्टी आसा? मी सुट्टी टाकली. आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो तर मागून पांढरा शर्ट घालत काका आले. टॅक्सीत पुढच्या सीटवर बसले आणि गेटवेपर्यंत त्यांनी एकही बंगला कोणाच्या नावावर केला नाही.

तिकिटं काढून आम्ही धक्क्याच्या पायऱ्यांपाशी पोचलो. खाली लाँच पाण्यावर वरखाली होत होती. त्यातही आमची लाँच दुसऱ्या रांगेत होती, म्हणजे आधी एकीत उतरायचं आणि तिच्यातून पलीकडच्या लाँचवर पाय टाकायचा. दोन्हींच्या मधल्या फटीत हिरवं पाणी चुबुक चुबुक करत होतं. काकांनी ती फट पाहिली आणि वरच्या पायरीवर थांबले. म्हणाले, तुम्ही दोघं जाऊन या, मी इथे सामान बघतो. सामान म्हणजे घावण्याचा डबा.

काकी दोन पायऱ्या उतरल्या होत्या. त्या वळल्या. आवाज वर न चढवता म्हणाल्या, “सगळ्या वाडीक नेलात. रखमावयनीक पट्टी बांधून नेलात. माझ्यावांगडाच काय होता तुमका?”

मागे गुजराती मंडळींचा एक ग्रूप खोळंबला होता. त्यांना भाषा कळली नसेल, पण तेही काकांकडे बघायला लागले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं.

“मी कोणाकच नेवक नाय गो,” काका म्हणाले. “मी स्वतः कधी जावक नाय. माका बोटीचा भय वाटता.”

मला वाटलं, संपलं, आता काकी रडतील किंवा चिडतील. त्यांनी विश्वासच ठेवला नाही. “खोटा बोलतास,” म्हणाल्या. “वयनीन पायरे मोजल्यान, ते काय सपनात मोजल्यान?” एक्केचाळीस वर्षं, काकी दरवर्षी गावी गेल्या की साठ-सत्तर साक्षीदारांनी सांगितलेली गोष्ट, एकटा नवरा नाही म्हणतो म्हणून कोण खोटी मानेल. त्यांनी मला सांगितलं, चल रे, त्यांनी चाळीसदा बघितलंय, माझ्याबरोबर कशाला कंटाळतील. आणि गुडघ्यावर हात दाबत, पहिल्या लाँचमधून दुसरीत, खलाशाचा हात धरून सरळ गेल्या.

मी मागोमाग गेलो. वळून पाहतो तर काका पायऱ्या उतरत होते. पहिल्या लाँचमध्ये आले, फटीपाशी आले, थांबले. खलाशाने हात पुढे केला. काका त्याला म्हणाले, थांब जरा. दोन पेनं वरच्या खिशातून काढून त्यांनी पँटच्या खिशात घातली, का ते त्यांनाच माहीत. मग डोळे मिटले आणि पाय टाकला. म्हणजे टाकलाच असावा, कारण पुढच्या क्षणी ते खलाशाच्या गळ्यात होते.

लाँच सुटेपर्यंत त्यांनी केशरी लाइफ जॅकेट घालून सगळे बंद आवळून घेतले. इतरांनी पाण्याकडेच्या जागा पकडल्या होत्या. काकांनी बरोब्बर मधली शोधली, दोन्ही कडांपासून सारखी लांब. सुरुवातीचा काही वेळ काकी त्यांच्याकडे पाठ करून सीगल बघत होत्या. मग नौदलाची जहाजं मागे पडली, लाँच मोकळ्या पाण्यात आली आणि चांगली झुलायला लागली. काकी मला काहीतरी दाखवायला वळल्या आणि त्यांचं लक्ष काकांकडे गेलं.

काकांचा रंग भेंडीच्या जवळपास पोचला होता. ओठ हलत होते. मला वाटलं शिव्या देतायत, पण रामरक्षा होती. दोन्ही हातांनी त्यांनी बाक असा धरला होता, की लाँच बुडाली असती तरी बाक वर राहिला असता.

काकी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. कमरेच्या पिशवीतून आवळासुपारी काढून त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी हात सोडला नाही म्हणून भरवावीच लागली. मग बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि हळूच विचारलं, “म्हणजे खराच जावक नाय?”

काकांनी मान हलवली.

“आणि वयनी?”

पुन्हा मान.

“पायरे?”

काकांनी कसंबसं सांगितलं, एकशे आठ आकडा शुभ म्हणून धरला होता.

काकी हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग पदर तोंडावर गेला, मग पदरालाही आवरेना. गुजराती ग्रूपमधल्या एका बाईने त्यांना पाणी दिलं. काकींना मध्येच आठवायचं, की रखमावहिनींची काकडी म्हणे माकडाने पळवली होती, आणि पुन्हा नव्याने सुरू. हायस्कुलाचे गुरुजी आठवले तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना दरवर्षी ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकून वाटत आलं होतं, की सगळ्यांनी पाहिलं आणि आपणच राहिलो. ते काही मिनिटांत समुद्रात गेलं. डोळे पुसून झाल्यावर त्या एकदम ताठ बसल्या. हिशोब त्यांच्या लक्षात आला होता.

“म्हणजे वाडीतून पयली मीच,” त्या म्हणाल्या.

बेटावर काकींचा रुबाब बघण्यासारखा होता. काका जमिनीवर पाय ठेवून पाच मिनिटं तसेच उभे होते. जॅकेट परत द्यायला तयार नव्हते, खलाशाने सोडवून घेतलं. आगगाडी होती, पण काकांच्या गोष्टीतल्यापेक्षा बरीच छोटी. पायऱ्यांपाशी डोलीवाले मागे लागले. काकींचे गुडघे बघता ते चुकत नव्हते, पण त्यांनी डोली नाकारली. एकेक पायरी चढत, ओठ हलवत त्या वर गेल्या. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी हाका मारल्या, टोप्या दाखवल्या, दगडाचे हत्ती दाखवले. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही, कारण मोजणी चुकली असती. वर पोचल्यावर मी विचारलं, किती. त्या म्हणाल्या, ता माका म्हायती. आजतागायत त्यांनी आकडा कोणाला सांगितलेला नाही.

लेण्यात शिरल्यावर काका माझ्याही मागे राहिले. इतकी वर्षं ज्याचं वर्णन केलं ते समोर येणार म्हणून असेल, किंवा चुकलं तर काय म्हणून असेल. पण बरंचसं बरोबर निघालं. काळोख होता. काळोखातून हळूहळू तीन चेहरे वर आले आणि मधल्याचे डोळे मिटलेलेच होते. काकी खांबाला टेकून उभ्या राहिल्या.  बाजूला एक गाइड पुण्याच्या कुटुंबाला सांगत होता, की लोक ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात, पण अभ्यासक म्हणतात, हे तिन्ही शंकरच. डावीकडचा भैरव, रागातला. आणि उजवीकडे हा मऊ चेहरा, हातात कमळ, ही उमा, पार्वतीचं रूप.

काकींनी सावकाश मान वळवून काकांकडे पाहिलं.

“बाईमाणसाक विष्णू करून ठेवलात ओ इतकी वर्सां.”

काका म्हणाले, काळोखात तसं दिसतं. त्या म्हणाल्या, तुम्ही उजेडातून सांगत होतात, गेटवेवरून.  काकांनी रुमालाने मान पुसली आणि त्या उजव्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. काकी तासभर हलल्या नाहीत. गाइडची माणसं बदलली, पुण्याचे गेले, कोल्हापूरचे आले, तोच मजकूर त्यांनी तीनदा ऐकला. शेवटी निघताना हात जोडले ते उजवीकडच्या चेहऱ्याला, मग मधल्याला. डावीकडच्याला नुसती मान हलवली.

परतीच्या वेळी धक्क्यावर नवीन प्रश्न उभा राहिला. काका येताना डोळे मिटून आले होते, त्यामुळे परतही जावं लागणार हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी चौकशी केली, की इथून उरणला जमिनीवरून रस्ता आहे का. माझा मोबाइल घेऊन नकाशा पाहिला, उलटा धरून पाहिला. मग दगडावर बसले आणि म्हणाले, इथे गाव आहे, माणसं राहतात, मी चार दिवस राहीन. काकी शेजारी बसल्या. चार दिवसांनी काय होईल, समुद्र आटेल का, असं मी विचारणार होतो, पण काकींनी मला डोळ्याने गप्प केलं.

त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, भोंगा वाजत होता. एवढं दिसलं, की त्यांनी काकांच्या खिशातलं एक पेन काढून परत वरच्या खिशाला लावलं, दुसरंही लावलं, कॉलर सरळ केली आणि उठवलं. पाहुण्यांना घेऊन निघताना दिसायचे तसे काका दिसायला लागले. लाँचमध्ये पाय टाकताना त्यांनी या वेळी एकच डोळा मिटला होता.

बसले ते मधल्याच बाकावर. काकी त्यांना खेटून बसल्या. ऊन उतरलं होतं. लाँच अर्ध्यावर आली तशी समोर मुंबई दिसू लागली, आणि काकींनी सांगितलं, “आता दाखवा. पाहुण्यांका दाखवतास तशी.”

काकांनी मुंबई या बाजूने कधीच पाहिली नव्हती. आधी गेटवे सापडेना. मोठ्या इमारतीखालचा तो एवढासा दगड म्हणजे गेटवे, हे मी सांगितलं तर त्यांना पटेना. एका क्रेनला त्यांनी राजाबाई टॉवर म्हटलं, मग विचार करून परत घेतलं. गोद्यांची शेडं, शिवडीकडची मळकट किनार, त्यांच्या मागे एकावर एक धुरकट टॉवर. मग एकदम त्यांना सापडलं. त्या तीन उंच टॉवरांच्या डाव्या अंगाला, जिथे काहीच दिसत नाही तिथे, आपली चाळ. काकींनी विचारलं, खय? दोन्ही हात बाकाला धरलेले होते आणि सुटायला तयार नव्हते. म्हणून काकांनी हनुवटी वर करून, जरा डावीकडे वळवून दाखवलं. काकींनी त्या हनुवटीच्या रोखाने नीट पाहिलं आणि म्हणाल्या, दिसली.